सुधाकररावांचा रुमाल

२५ जून

रैतू भरोसाचे, म्हणजे तेलंगणा सरकार दर हंगामाला शेतकऱ्यांना देतं ते पैसे खात्यात पडले. शाळेत शिकवून परत येताना बसमध्ये ज्याच्या त्याच्या फोनची घंटी वाजत होती. कंडक्टर म्हणाला, "आज सुट्टे मागू नका बापा, आज समदेच शेठ हायेत." बोथच्या स्टँडवर उतरले तर बियाण्याच्या दुकानासमोर ही गर्दी.

आमचा फोन वाजला नाही. तो कधीच वाजत नाही. बाबा ज्या वावरात माझ्या जन्माआधीपासून राबतात ते सरकारच्या लेखी सुधाकरकाकांचं आहे. काकांच्या वडिलांनी, उद्धवरावांनी, ते बाबांना विकलं तेव्हा आमच्याकडे रजिस्ट्री कोणी करत नसे. पांढऱ्या कागदावर चार ओळी आणि दोन अंगठे, झाला सादा बैनामा. बाबा तेव्हा त्यांच्याच घरी सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवरचे गडी होते. सालाचे पैसे त्यांच्याकडेच साठवून आणि आईच्या माहेरची म्हैस विकून त्यांनी ते घेतलं. पुढे जमिनी कॉम्प्युटरवर चढल्या तेव्हा पट्टा उद्धवरावांच्या मुलाच्या, म्हणजे सुधाकरकाकांच्या नावावर गेला. त्यामुळे सरकारी पैसा त्यांच्या खात्यात पडतो आणि वावर बाबा पिकवतात.

पण आजवर एक हंगाम चुकला नाही. पैसे पडले की दुसऱ्या तिसऱ्या दिवशी काका बँकेतून ते काढतात, रुमालात बांधतात आणि पायी आमच्या घरी येतात. बाजेवर बसतात, कमी साखरेचा चहा घेतात, मग रुमाल बाबांच्या हातात ठेवून दर वेळी तेच म्हणतात, "सरकारनं चुकून माह्या दारात टाकले. तुहे हायेत." बाबा गाठ न सोडता म्हणतात, "पोचले." रुमाल धुऊन परत द्यायचं काम आईचं होतं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे आलं. मी बदली मागून घेऊन बाबांजवळ राहायला आले, तर आईची बहुतेक कामं माझ्याकडेच आली.

बाबांनी आजच कपबशी घासून ठेवली आहे.

२९ जून

काका आले नाहीत.

"येतीन," बाबा म्हणाले. "घाई काऊन करून राह्यली?"

घाई मला नाही, कपाशीला आहे. सोयाबीनवाले पेरून मोकळे झाले आणि आम्ही खतासाठी वाट बघत बसलोय. मी म्हटलं, माझ्या पगारातून आणते खत. बाबांनी असं पाहिलं, जणू मी चोरी करायला निघाले होते. खत वावराच्या पैशानंच आलं पाहिजे, असा त्यांचा नियम. म्हाताऱ्यांचे नियम त्यांनाच पाळू द्यावेत, पण पाणी आमच्यासाठी थांबत नाही.

२ जुलै

स्वतःच गेले काकांच्या घरी. बाबांना सांगितलं नाही.

घराला नवा रंग लागलाय. मयूरीच्या, म्हणजे काकांच्या मुलीच्या सोयरिकीचं चाललंय असं गावात ऐकलं होतं, ते खरं दिसतंय. फाटकाला भर दुपारी आतून कुलूप. रेणुकाकाकू आल्या, पण कुलूप काढलं नाही.

"झोपले हायेत ते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आतून काकांचाच आवाज आला, "कोन आलं वं?"

आणि काकू माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "कोनी नाई."

मी कोणी नाही! ज्या बाईच्या बाळंतपणात माझ्या आईनं रात्री जागवल्या, ती म्हणते कोणी नाही. मी वळले आणि आले. वाटेत डोळे भरून आले याचाच जास्त राग आला.

आता गेल्या हंगामाचंही आठवतंय. तेव्हा काकांनी पैसे दोनदा आणले होते. एकदा आणले, आणि आठ दिवसांनी पुन्हा तसाच रुमाल, तेच वाक्य. बाबा तेव्हाही "पोचले" म्हणाले आणि संध्याकाळी जाऊन तो रुमाल काकूंना गुपचूप परत देऊन आले. मी हसले होते, की श्रीमंतांना आपण काय दिलं याचासुद्धा पत्ता नसतो. बाबा हसले नव्हते. यंदा मात्र पत्ता बरोबर लागलेला दिसतो.

११ जुलै

खत मी आणलं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज बोलले, कारण डवरा अडकला आणि हात लावायला माणूस हवा होता.

१९ जुलै

आज काका भेटले, आणि मी आयुष्यात इतकी चिडले नसेन.

वावराच्या वाटेवर एकटे चालत होते. सदऱ्याची बटणं वरची खाली लावलेली, एका पायात चामड्याची वहाण आणि दुसऱ्यात रबरी स्लिपर. काकांना मी कायम कडक इस्त्रीत पाहिलंय. वाटलं, प्यायला लागले की काय. मला पाहून थांबले, छान हसले. मी वाट पाहत होते की आता पैशाचं काढतील. तर म्हणतात कसे, "ताराबाई दिसत नाई. वावरात गेली का?"

माझी आई! आईला जाऊन पाच वर्षं झाली. तिला पोचवायला हेच पुढे होते, यांनीच बाबांना धरून आणलं होतं. पैशाचं तोंड चुकवायला माणूस इतकं काही बोलू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मागून मयूरी धावत आली, धापा टाकत, पायात काही नाही. "चला बाबा, घरी चला," म्हणून हाताला धरून घेऊन गेली. माझ्याकडे तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. लाज असेल तर बरंच आहे.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तारा इचारली त्यायनं?" आणि उठून बैलांकडे गेले.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. काका बैल बघायला आले, मागे रेणुकाकाकू सावलीसारख्या. बाबांना फार बरं वाटलं. काकांनी आमच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "राघ्या लई उतरला रे यंदा."

राघ्या हा उद्धवरावांच्या घरचा बैल. बाबा सालदार होते तेव्हाचा, मी तर तो पाहिलेलाही नाही. आमच्या बैलाचं नाव त्यांना ठाऊक आहे, त्यांनीच तो भैंसा गावच्या बाजारात निवडून दिला. मग राघ्याचं नाव कशाला? मी सांगते कशाला. चारचौघांत बाबांना आठवण करून द्यायला, की मोतीराम, तू कोण होतास.

बाबा म्हणाले, "हाव, पानी कमी झालं ना यंदा."

मी तिथून निघून आले. बाबांनी मला लहानपणी एकच गोष्ट ठोकून शिकवली, की कोणालाही मालक म्हणायचं नाही. काका, भाऊ, साहेब, काहीही म्हण, मालक नाही. शाळेत एका गुरुजींनी म्हणायला लावलं तर बाबा वावर सोडून शाळेत आले होते. तो माणूस आता असा नरम का पडतो?

पैशाबद्दल दोघांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही.

१७ सप्टेंबर

मंडल महसूल ऑफिसातले तपासणी अधिकारी, गिरदावर, घरी आले. सादा बैनामावाल्यांच्या चौकशा सुरू झाल्यात. बाबांनी कोरोनाच्या साली अर्ज टाकून ठेवला होता, मी तर विसरूनच गेले होते. गिरदावरांनी कागद पाहिला, अंगठे पाहिले आणि म्हणाले, साक्षीदार दोघंही वारलेत, तेव्हा कागद एकटा पुरायचा नाही. ज्याच्या नावावर पट्टा आहे त्यानं साहेबांसमोर येऊन सांगायचं, की हो, आमच्या वडिलांनी विकलंय. एवढं एक वाक्य सांगितलं की वावर बाबांच्या नावावर. नाही सांगितलं तर अर्ज खारीज.

एक वाक्य! मला नाचावंसं वाटलं. वावर नावावर झालं की पैसे आमच्या फोनवर वाजतील, कोणाच्या रुमालाची वाट पाहायला नको. आणि बाबांच्या डोळ्यांदेखत होईल. त्यांच्या छातीचं दुखणं मी कोणाला सांगत नाही, इथे लिहिते.

बाबा मात्र म्हणाले, "राहू दे ना आत्ता. त्यायले काऊन हापिसात न्यायचं?"

"एक वाक्य बोलाले काय जाते त्यायचं?" मी म्हटलं. घरात माझीही बोली तीच होते.

५ ऑक्टोबर

करणचा हैदराबादहून फोन आला. करण म्हणजे काकांचा मुलगा, माझ्याहून लहान, माझ्या आईच्या हातच्या भाकरी खाऊन वाढलेला. म्हणाला, "ताई, बाबाले नका बोलावू. त्यायची तबेत बरी नाई. मी मुखत्यारपत्र करून घेतो माह्या नावानं, मी येतो, मीच सांगतो साहेबाले."

"काय झालं तब्येतीला?"

थांबला. मग म्हणाला, "बीपी हाय."

बीपी तर बाबांनाही आहे. मी विचार केला. मुखत्यारपत्र एकदा करणच्या हातात गेलं, की आमचंच काय, सगळंच त्याच्या हातात. हायवेकडच्या जमिनीला काय भाव आलाय ते पोरांना ठाऊक आहे. उद्या त्यानं साहेबांसमोर भलतंच सांगितलं तर? काका काही झालं तरी, माझा त्यांच्यावर कितीही राग असला तरी, साहेबांसमोर खोटं बोलणार नाहीत. त्यांच्या तोंडून ते वाक्य यायला हवं.

मी सांगून टाकलं, "नाही. काकांनी स्वतः यायचं."

"ताई, माह्यं ऐका..."

"माझं ठरलंय."

फोन ठेवल्यावर बाबांना सांगितलं. म्हणाले, "करन चांगला पोट्टा हाय. आईकाचं होतं त्याचं." मी म्हटलं, तुमच्या लेखी सगळेच चांगले. तुमच्या चांगुलपणामुळेच आपण चाळीस वर्षं दुसऱ्याच्या नावावर राबतोय.

उद्या मंडल ऑफिसात द्यायला लिहूनही टाकलं, की पट्टादारानं समक्ष हजर राहावं. माझं मराठी आणि तेलुगू दोन्ही अक्षर चांगलं आहे. अर्ज झकास झाला.

३० नोव्हेंबर

तारीख पडली, गुरुवारची. कापूस वेचणीला आलाय, बाया मिळत नाहीत. बाबांनी तरी पांढरा सदरा धुवायला काढला.

४ डिसेंबर

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

ऑफिसच्या व्हरांड्यात आम्ही आधी पोचलो. मग करणची गाडी आली. करण, रेणुकाकाकू आणि मधे काका. नवा सदरा, बटणं नीट लावलेली, केस विंचरलेले. लग्नाला न्यावं तसं त्यांना नटवलं होतं. काकूंचे डोळे सुजलेले होते. मला पाहून त्यांनी हात जोडले. मी मान फिरवली. हेही लिहून ठेवते.

साहेब तेलुगूत विचारत होते, गिरदावर मराठीत सांगत होते. साहेब चांगले होते, त्यांनी काकांना खुर्ची दिली.

"सुधाकरराव, हे वावर कोनाचं?"

काका इकडे तिकडे पाहत म्हणाले, "आमचं. बाबानं घेतलं."

"उद्धवरावानं ते कोनाले इकलं का?"

"बाबा काऊन इकतीन?" काका हसले. "बाबाले इचारा ना. घरीच हायेत ते."

उद्धवराव जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. मला तेव्हाही कळलं नाही. शपथेवर सांगते, तेव्हाही मला वाटलं की हा माणूस नाटक करतोय.

साहेबांनी बाबांकडे बोट केलं. "मंग हे कोन?"

काकांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "हा? हा आमचा मोत्या. सालदार हाय आमचा. लई इमानी मानूस. मोत्या, राघ्याले पानी दाखवलं का रे?"

मी ओरडले. "काका, लाज वाटत नाई का? माह्या बापानं पै-पै जमवून घेतलं ते वावर! पैसे खाल्ले, आता वावर बी खाऊन राह्यले का?"

काका दचकले. लहान मुलाला कोणी अंगावर खेकसावं तसे. खुर्चीवरून उठायला गेले आणि उठता येईना. त्यांनी दोन्ही हातांनी बाबांची बाही धरली. "मोत्या, ही कोन बाई हाय? काऊन ओरडून राह्यली? मले घरी ने."

तेव्हा मला कळलं. कुलूप, दोन वेगळ्या वहाणा, आई, राघ्या, दोनदा आलेला रुमाल, सगळं त्या एका क्षणात. काकू भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडत होत्या. करण खाली बघत होता.

साहेबांनाही काहीतरी समजलं असावं. ते बाबांना तेलुगूत म्हणाले, गिरदावरांनी मराठीत सांगितलं, "मोतीराम, तुमी सांगा. यायचं डोकं ठिकान्यावर नाई असं तुमचं म्हननं असन तर तसं लिहितो. डॉक्टराले दाखवा लागन, सर्टिफिकेट लागन. नाईतर ते बोलले तेच लिहा लागते."

एवढंच म्हणायचं होतं. हो, डोकं ठिकाणावर नाही. अर्ज वाचला असता. व्हरांड्यात अर्धं गाव आपापल्या कामाला आलेलं, सगळे दारात गोळा झालेले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग बाहीवरच्या त्या हातांकडे. दोन्ही हातांवर आपला हात ठेवला आणि वाकून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दाखवलं मालक. दोनी बैलायले पानी दाखवलं. चला, घरी जाऊ."

मग साहेबांना म्हणाले, "ते म्हन्तेत ते लिहा साहेब. यायचं डोकं बरोबर हाय."

अर्ज खारीज झाला.

६ डिसेंबर

संध्याकाळी विहारात गेलो. बाबांनी नेहमीसारखी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. मला म्हणता येईना. घरी येताना वाटेत विचारलंच. ज्या माणसानं मला तो शब्द तोंडातून काढू दिला नाही, त्यानं भरल्या ऑफिसात तो म्हटला. कसा म्हटला?

बाबा चालत राहिले. मग म्हणाले, "उद्धवरावाच्या राज्यात मले म्हना लागे. तवा जीभ जळे माही. परवा मले कोनी म्हनाले लावलं नाई, पोरी. म्या माह्या खुशीनं म्हनलो. तो भेला होता."

"आणि वावर?"

"तो भेला होता," बाबा पुन्हा म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्यांदा रुमाल आनला तवाच समजलं."

"मला का नाही सांगितलं?"

"रेनुकाबाईनं हात धरून सांगितलं होतं, मयूरीचं जमेपर्यंत कोनाले सांगू नका. येड्याची पोरगी म्हन्तीन लोक. अन् तू..." ते थांबले. "तुहा राग जाईन असं वाटलं मले."

माझा राग! मी करणचं ऐकलं असतं तर आज वावर नावावर असतं. झकास अक्षरात मीच लिहून दिलं, समक्ष हजर राहावं म्हणून. मला माझीच चीड येते आणि ती ठेवायला जागा नाही.

१५ डिसेंबर

रेणुकाकाकू आल्या होत्या. जूनचे पैसे घेऊन. म्हणाल्या, बँकेत आता काकांना एकटं जाऊ देत नाही, पैसे काढायला बँकेचाच माणूस अंगठा घ्यायला घरी आला, मग मयूरीचं सुरू झालं, आणि यायला तोंड होईना. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि दोघी चुलीपाशी बसून रडलो. बाबांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "त्यायच्या हातानं येऊ द्या." मला वाटलं हा हट्ट आहे. पण आता मी फार बोलत नाही.

करणला फोन केला. अपिलाची मुदत अजून आहे, तो बोलू शकतो. तो म्हणाला, "ताई, बाबाचं बयान झालं ना आता. त्याच्यावर मी बोललो तं त्यायले येडं म्हना लागन. मयूरीचं होऊ द्या, मंग पाहू." आवाज वाईट नव्हता. त्यानंतर दोनदा केला, उचलला नाही.

४ जानेवारी

कापसाची शेवटची वेचणी. करण दोन पाहुण्यांना घेऊन वावरात आला होता. बाबांच्या पाया पडला. पाहुण्यांनी कापूस पाहिला नाही, हायवेच्या बाजूनं पावलं टाकत बांध मोजत होते. बाबांनी त्यांना पाणी दिलं. संध्याकाळी बराच वेळ एकटे बांधावर बसून राहिले. मी जवळ जाऊन बसले, तर म्हणाले, "तुह्या आयनं हा बांध घातला. पोटात तू होतीस."

अपिलाची मुदत याच महिन्यात संपते.

१८ जानेवारी

आज रविवार. सकाळी अंगणात तूर वाळत घालत होते. फाटक वाजलं. बघते तर काका, आणि फाटकाबाहेर लांब मयूरी, मला हातानं खुणावत, की येऊ द्या.

काका थेट बाजेवर येऊन बसले. बाबा आतून आले. काकांनी खिशातून रुमाल काढला, गाठ मारलेला, आणि बाबांच्या हातात ठेवला.

"सरकारनं चुकून माह्या दारात टाकले," ते म्हणाले. "तुहे हायेत."

यासंगीचे, म्हणजे रब्बीचे पैसे अजून कोणाच्याच खात्यात पडलेले नाहीत.

बाबांनी काकांसमोर आजवर कधी गाठ सोडली नव्हती. आज सोडली. आत सरक्या होत्या, गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि सदऱ्याची तुटलेली बटणं. बाबांनी एकेक नीट पाहिलं, पुन्हा गाठ बांधली आणि रुमाल छातीशी धरला.

"पोचले, सुधाकरराव."

"बराबर हाय ना?"

"बराबर हाय."

"नाई म्हन्लं, लोकायचं काय, उद्या कोनी काई बी म्हनन. बाबानं वावर तुले देल्लं, कागद केला, म्या होतो तिथं. माह्यं त्याच्यात काई नाई मोतीराम. एक ढेकूल बी नाई."

तेच वाक्य. गिरदावरांनी मागितलेलं, त्याहून मोठं आणि स्पष्ट. नावानिशी, शहाण्या माणसासारखं. माझा फोन तुरीशेजारी चटईवर पडला होता. मी उचलला. बोट कॅमेऱ्यावर होतं, एकदा विचारलं असतं तर काका पुन्हा बोलले असते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नको म्हणाले नाहीत. नुसतं पाहिलं, आणि मग तोंड काकांकडे फिरवलं. सगळं माझ्यावर सोडलं.

हे दाखवलं तर साहेब विचारतील, त्या दिवशीचा माणूस खरा की हा. मग डॉक्टर, सर्टिफिकेट, फाटकाबाहेर उभी असलेली मयूरी. आणि बाबांनी सगळ्या गावासमोर वाकून जे झाकलं, ते मी उघडं करायचं. नाही दाखवलं तर आईनं घातलेला बांध हातचा जाणार. दोन्ही गोष्टी मला दिसत होत्या.

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ओळख पटवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या पडल्या, मग गेल्या.

"ताराबाई," ते म्हणाले, "चहा ठेवता का? साखर कमी टाका."

मी फोन चटईवर ठेवला, पालथा.

"हाव दादा, ठेवते ना," मी म्हटलं. आई त्यांना दादाच म्हणायची.

बाबा रुमाल धरून तसेच बसले होते. मी आत येऊन चूल पेटवली आणि साखर कमीच टाकली.